राख कोणती, ते आधी सांगा

विदर्भात घर बांधायला काढले की विटेचा प्रश्न लगेच येतो. लाल घ्यायची की राखेची? गवंडी सांगतो, राखेच्या भिंतीला तडे जातात. ठेकेदार सांगतो, राखेची स्वस्त पडते आणि मापाला सरळ असते. शेजारी सांगतो, आमच्या घराला इतकी वर्षे झाली, काही झालेले नाही. तिघेही खरे बोलत असतात, कारण तिघांनी पाहिलेली वीट एक नसते. एकाच रंगाची, एकाच मापाची, एकाच नावाने विकली जाणारी, पण वेगळ्या राखेची, वेगळ्या मिश्रणाची आणि बहुतेक वेळा वेगळ्या घाईत बनवलेली. हे पुस्तक त्या वेगळेपणाबद्दल आहे.

औष्णिक वीज केंद्रातल्या राखेपासून बांधकाम साहित्य बनवण्यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत, विद्यापीठांतले प्रबंध आहेत. पण वीट पाडणारा, ती रचणारा आणि तिचे पैसे मोजणारा अशा तिघांनाही वाचता येईल असे मराठीत फार थोडे होते. जे होते त्यातले बरेच ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली येणारे, म्हणजे कौतुकाचे. मला त्या मथळ्याचा थोडा कंटाळाच आहे. टाकाऊ आणि टिकाऊ यांच्यामध्ये चाळणी, वजनकाटा, पाण्याचा पाइप आणि तीन आठवड्यांचा धीर असतो, आणि मथळ्यात त्याला जागा नसते. प्रस्तुत लेखकाने ती जागा दिली, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

राख म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चुलीतली येते. वीज केंद्रातली राख त्या जातीची नव्हे. तिथे कोळसा पिठासारखा बारीक दळून हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. ज्वाळेचे तापमान तेराशे-चौदाशे अंशांच्या पुढे जाते. कोळशातला कार्बन जळून जातो, पण आपल्या कोळशात मुळातच ३० ते ४५ टक्के मातीमिश्रित खनिजे असतात, ती जळत नाहीत, वितळतात. वितळलेले थेंब धुराबरोबर वर जाताना भराभर थंड होतात आणि हवेत तरंगतानाच गोल मणी बनतात. सुमारे ८० टक्के राख अशी धुराबरोबर उडते, उरलेली जड होऊन बॉयलरच्या तळाशी पडते. उडालेली राख चिमणीआधी विजेच्या भारित पट्ट्यांवर पकडली जाते. या यंत्राला ‘ईएसपी’ म्हणतात. त्यात एकामागून एक कप्पे असतात. पहिल्या कप्प्याच्या हॉपरमध्ये जाड राख पडते, शेवटच्यात सर्वांत बारीक. म्हणजे एकाच दिवशी, एकाच केंद्रात, दोन हॉपरांखाली उभ्या राहिलेल्या दोन बल्करमध्ये दोन वेगळे माल भरले जातात. पावतीवर मात्र दोन्हीकडे ‘फ्लाय अ‍ॅश’ एवढेच लिहिलेले असते.

सूक्ष्मदर्शकाखाली ही राख पाहण्यासारखी असते. गुळगुळीत, पारदर्शक, करडे-पिवळसर मणी. काही पोकळ, आणि काही पोकळ मण्यांच्या पोटात आणखी बारीक मणी. मध्येच काळे, खडबडीत, स्पंजासारखे तुकडे दिसले तर तो न जळलेला कार्बन. राखेची सगळी किंमत त्या मण्यांत आहे, कारण ते काच आहेत. वाळूतही सिलिका असते, पण तिथे ती स्फटिकात घट्ट बसलेली असते आणि चुन्याला दाद देत नाही. राखेतल्या सिलिकेला थंड होताना स्फटिक बनायला सवडच मिळालेली नसते. अशी अर्धवट राहिलेली सिलिका ओल्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि सिमेंटमध्ये जो चिकट जेल तयार होतो तोच जेल इथेही तयार होतो.

चुन्याबरोबर भाजलेली माती घालायची ही रीत काही नवी नाही. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून रोमन लोकांनी पाण्याखाली टिकणारे बांधकाम केले, म्हणून अशा पदार्थांना आजही ‘पोझोलाना’ म्हणतात. आपल्याकडे ज्वालामुखीची राख हाताशी नव्हती, तेव्हा विटा कुटून सुरखी केली गेली. आपल्या अनेक गडांवर चुन्याचा घाणा अजून दिसतो: वर्तुळाकार चर आणि जवळपास कुठे तरी पडलेले दगडी चाक. पर्यटक त्याच्यावर बसून फोटो काढतात. त्या चरात चुना किती फेरे मळायचा, किती दिवस भिजवून ठेवायचा, हे ठरलेले असे आणि त्यात घाई चालत नसे. ते ज्ञान सिमेंट आल्यावर आपण टाकून दिले. राखेची वीट बनवताना नेमके तेच, म्हणजे चुना, पाणी आणि वेळ यांचे गणित, पुन्हा शिकावे लागते आहे.

आधुनिक काळात या गणिताला शास्त्रीय बैठक मिळाली ती अमेरिकेत. कॅलिफोर्निया विद्यापीठात आर. ई. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली काँक्रीटमध्ये राख वापरण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे माँटाना राज्यातल्या हंग्री हॉर्स धरणात, जे १९५३ साली पूर्ण झाले, लाखाहून अधिक टन राख घातली गेली. धरणवाल्यांना राख आवडली ती स्वस्ताईपेक्षा उष्णतेसाठी. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना तापते, आणि धरणाच्या पोटातली उष्णता बाहेर यायला जागा नसते. आत गरम, बाहेर थंड, मग भेगा. राख सावकाश काम करते, म्हणून ताप कमी. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात हा प्रयोग झाला. महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे घाटघर. भंडारदऱ्याच्या वर, सह्याद्रीच्या कड्याला लागून असलेल्या या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. असे काँक्रीट वापरून बांधलेली ती देशातली पहिली, आणि त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. राखेच्या नावाने नाक मुरडणाऱ्याला मी घाटघर पाहून यायला सांगतो. जाताना वाट सुंदर आहे, हा वेगळा फायदा.

आता इथेच एक अडचण सुरू होते. राख सावकाश काम करते हा धरणात गुण आहे, विटेच्या कारखान्यात दोष. सिमेंट आधी पाण्याशी संयोग पावते, त्यातून चुना मोकळा होतो, आणि मग त्या चुन्यावर राखेचे काम सुरू होते. म्हणून राखमिश्रित काँक्रीट २८ दिवसांच्या चाचणीत साध्या काँक्रीटच्या थोडे मागे असू शकते आणि ९० दिवसांनी त्याला गाठते, पुष्कळदा मागे टाकते. पण आपले सगळे करार २८ दिवसांवर बेतलेले, आणि आपली सगळी घाई त्याहून कमी दिवसांवर.

नागपूरजवळच्या खापरखेडा वीज केंद्राच्या आसपासच्या कुठल्याही ब्लॉकच्या कारखान्यात सकाळी जाऊन उभे राहावे. पत्र्याची शेड, एका बाजूला राखेचा ढीग, दुसऱ्या बाजूला क्रशरची चुरी, मध्ये पॅन मिक्सर. त्यात साधारण निम्मी ते साठ टक्के राख, उरलेली बहुतेक चुरी, वर सिमेंट किंवा चुना आणि थोडा जिप्सम. जाड रोलर त्या मालावरून फिरत राहतात. मिस्त्री मुठीत माल घेऊन दाबतो. गोळा बनला, हात ओलसर झाला पण पाणी निथळले नाही, तर माल तयार. मग प्रेस. दाबून निघालेली वीट इतकी कच्ची असते की बोट रुतेल, म्हणून ती फळीसकट उचलून सावलीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी चट्टा रचतात आणि तिथून पुढे १४ ते २१ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. वर ओली पोती टाकली तर उत्तम.

विटेचे भवितव्य ठरते ते या पाण्यावर. भट्टीतल्या विटेला आग पक्की करते, इथे पाणी. पण चट्ट्यात २१ दिवस उभा असलेला माल म्हणजे मालकाचे अडकलेले पैसे. मजुरी रोज द्यावी लागते, बल्करचे भाडे रोख असते, आणि गिऱ्हाईक दारात उभे. मे महिन्यात नागपूरकडे पाण्याचा टँकर लागतो तेव्हा तर सगळाच हिशेब बिघडतो. मग सातव्या दिवशी वीट गाडीत चढते. दिसायला ती तशीच असते. पुढे भिंतीत गेल्यावर ती सुकते, आकसते, आणि गिलाव्याला तडा जातो. गवंडी म्हणतो, ‘सांगितलं होतं, राखेची नको.’ राखेला त्यात काही म्हणण्याची सोय नाही.

गवंड्याचाही यात वाटा आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. लाल वीट रचण्याआधी पाण्यात बुडवायची, हे त्याच्या हाताला बसलेले असते. भाजलेली वीट तहानलेली असते, तसे केले नाही तर ती मसाल्यातले पाणी ओढते. राखेची वीट मात्र बुडवायची नसते. वरून शिंपडले की पुरे. बुडवलेली वीट फुगून भिंतीत जाते आणि सुकताना आकसते. दुसरी गोष्ट मसाल्याची. मालकाला वाटते, सिमेंट जास्त म्हणजे भिंत मजबूत. म्हणून एकास चारचा मसाला. तो विटेपेक्षा कडक होतो, ताण आला की सांध्याऐवजी वीटच तडकते. एकास सहा पुष्कळ झाला. कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकावी, ही तिसरी. लेखकाने या सगळ्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे. रसायनशास्त्राची प्रकरणे ओलांडून कुणी थेट त्या प्रकरणावर गेले तरी माझी हरकत नाही.

सिमेंटबाबतही एक सूचना त्यातच आहे. बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट ‘पीपीसी’ असते, म्हणजे कारखान्यातच त्यात १५ ते ३५ टक्के राख मिसळलेली असते. पोत्यावर ते छापलेले असते, वाचत कुणी नाही. असे सिमेंट राखेच्या विटेत वापरले तर त्यातला चुना आधी त्याच्याच राखेला पुरवायचा, मग तुमच्या. वीट कमजोर राहते. विटेसाठी साधे ‘ओपीसी’ घ्यावे, किंवा सरळ चुना आणि जिप्सम. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास यांनी राख, चुना आणि जिप्सम यांचे मिश्रण ‘फॅल-जी’ या नावाने देशभर नेले. त्यात भट्टी नाही, वाफ नाही, मोठे यंत्रही लागत नाही. छोट्या गावातल्या कारखान्यांना हा धंदा परवडू लागला तो अशा साध्या पद्धतींमुळे.

राखेची प्रत कशी ओळखायची, याची कसोटी भारतीय मानक ३८१२ मध्ये आहे. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोह यांची ऑक्साइड्स मिळून किमान ७० टक्के; ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओली चाळून ३४ टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये; भट्टीत तापवून होणारी घट, म्हणजे मुख्यतः न जळलेला कार्बन, ५ टक्क्यांच्या आत. प्रयोगशाळा जवळ नसेल तर काचेच्या ग्लासात चमचाभर राख पाण्यात ढवळून पाहावी. वर काळा तवंग धरला तर कोळसा नीट जळलेला नाही. ही काही अधिकृत चाचणी नव्हे, पण बल्कर परत पाठवायचा की नाही हे ठरवायला उपयोगी पडते. तयार विटेसाठीही घरगुती कसोटी आहे: कोरडी वीट तोलावी, रात्रभर नव्हे तर पूर्ण २४ तास बुडवावी, पुसून पुन्हा तोलावी. तीन किलोच्या विटेने ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले तर ती घराबाहेरच बरी.

आकड्यांबद्दल दोन शब्द. १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६ कोटी ९० लाख टन राख निघाली आणि त्यातली जेमतेम १० टक्के वापरली गेली. १९९९च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली: वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीट उत्पादकांनी मातीत राख मिसळलीच पाहिजे. पुढे ही त्रिज्या १०० किलोमीटर झाली, २०१६ मध्ये ३०० झाली. महाराष्ट्राने त्याच वर्षी स्वतःचे राख धोरण आणले. २०२१च्या अखेरीस न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये पर्यावरण भरपाईची तरतूद आली. २०२१-२२ मध्ये निघालेली राख २७ कोटी टन, आणि वापर जवळपास ९६ टक्के.

हे यश खोटे नाही. पंचवीस वर्षांत एवढा पल्ला गाठलेले दुसरे कुठलेही औद्योगिक टाकाऊ आपल्याकडे नसेल. पण ‘वापर’ या रकान्यात काय काय येते ते पाहावे. सिमेंट उद्योग सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे, तिथे राखेचे खरोखर सिमेंट होते. विटा आणि ब्लॉक येतात, रस्त्यांचे भराव येतात. आणि त्याच रकान्यात सखल जमिनी भरणे येते, जुन्या खाणी बुजवणे येते, राखेच्या तलावाचे बांध उंच करण्यासाठी वापरलेली राखही येते. विटेत गेलेला एक टन आणि खड्ड्यात ओतलेला एक टन कागदावर सारखाच. माझ्या मते हा हिशेब बदलायला हवा. खड्ड्यातल्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा अंशमात्र का होईना असतात. पाणी तिच्यातून झिरपत असेल तर ते विहिरीपर्यंत जातात. विटेत किंवा काँक्रीटमध्ये ते बऱ्याच अंशी जखडले जातात. दोन्हींना एकच गुण देणे म्हणजे वीट बनवणाऱ्याच्या मेहनतीची थट्टा आहे.

तलावांचा धोका काय असतो ते जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राजवळच्या खसाळा गावाने पाहिले. पावसात राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि करडा गाळ शेतांत, नाल्यांत आणि पुढे नदीत शिरला. राख पाण्यात कालवून पाइपने तलावात सोडणे ही वीज केंद्राची सोय आहे, पण त्या एका कृतीने राखेचे दुहेरी नुकसान होते. बारीक, जाड, तळाची, उडालेली अशी सगळी एकत्र मिसळते. आणि भिजल्यामुळे तिचा तरतरीतपणा कमी होतो. कोरडी राख हॉपरमधून वेगवेगळी उचलणे, सायलोत साठवणे, बल्करने नेणे महाग आहे. स्वस्त पर्यायाची किंमत खसाळ्याच्या शेतकऱ्यांनी मोजली.

लाल विटेबद्दल लेखक कडक आहे. मी थोडा मवाळ. शेतातली सुपीक माती खरवडून भाजणे थांबले पाहिजे, यात वाद नाही. पण दख्खनच्या काळ्या मातीत वीट पाडणाऱ्यांना राखेचा उपयोग सरकारच्या आधीपासून माहीत होता. काळी माती सुकताना आकसते, वीट भट्टीत जाण्याआधीच चिरते. म्हणून तिच्यात राख, तूस, बगॅस घालायची पद्धत जुनीच. भट्टीवरच्या या लोकांना अधिसूचनेचे गुन्हेगार न मानता त्यांच्या हातचे ज्ञान विचारून घेतले असते, तर निम्मी लढाई आधीच जिंकली असती.

पुस्तकात राखेशिवाय इतर गोष्टीही आहेत. पोलाद कारखान्यातला झोतभट्टीचा स्लॅग, जो बारीक दळला की राखेपेक्षा लवकर पकडतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधली वापरून काळी झालेली वाळू, जिचे पेव्हर ब्लॉक होऊ शकतात. साखर कारखान्यांतली बगॅसची राख, जिच्यात कार्बन फार. या प्रकरणांत लेखकाने हात आखडता घेतला आहे, आणि ते योग्यच केले. स्लॅग सोडला तर बाकीच्यांचा स्थानिक अनुभव अजून थोडा आहे. वातावरणदाबापेक्षा दहा-बारापट दाबाच्या वाफेत शिजवलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीने फुगवलेल्या हलक्या एएसी ब्लॉकचे प्रकरण मात्र सविस्तर आहे, कारण शहरांतल्या उंच इमारतींनी तो स्वीकारला आहे. स्वीडनमध्ये १९२०च्या दशकात निघालेली ही युक्ती आपल्याकडे राखेवर उत्तम चालते.

शेवटच्या प्रकरणाशी माझे जमत नाही, हे इथेच सांगून टाकतो. लेखकाला जुन्या तलावांतली राख ही भविष्यातली खाण वाटते. ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये आपले शेवटचे कोळशाचे वीज केंद्र बंद केले; अमेरिकेतही केंद्रे बंद होत आहेत आणि तिथे काँक्रीटसाठी ताजी राख कमी पडू लागल्यावर जुने तलाव खणून, राख वाळवून, दळून, कार्बन जाळून विकणे सुरू झाले आहे. आपल्या तलावांचेही तसे होईल, असे त्याचे म्हणणे. मला शंका आहे. आपली केंद्रे अजून बरीच वर्षे चालणार, ताजी कोरडी राख फुकट किंवा स्वस्त मिळत राहणार, तोवर तलाव उपसून वाळवण्याचा खर्च कोण उचलणार? वाळवायला कोळसा जाळला तर त्यातून पुन्हा राखच. लेखकाने आपल्या बाजूने कोरडी राख आणि तलावातली दळलेली राख यांच्या ताकदीचे ७, २८ आणि ९० दिवसांचे तक्ते शेजारी शेजारी दिले आहेत. ९० दिवसांचा रकाना त्याच्या बाजूने बोलतो, सात दिवसांचा माझ्या. खर्चाचा रकाना त्या तक्त्यात नाही. तो पुढच्या आवृत्तीत यावा, असे मी त्याला कळवले आहे.